लॅपटॉप नाही? मग मोबाइलवरच शिका 'व्हिम' : माऊसशिवाय चालणारा एडिटर



मागच्या मे महिन्यात मी जिंतूर तालुक्यात मावशीकडे गेलो होतो. परभणी जिल्ह्यातलं ऊन ज्यांनी खाल्लंय त्यांना सांगायला नको, सकाळी अकरानंतर कोणी घराबाहेर पडत नाही. मावसभाऊ पॉलिटेक्निकला आहे, कॉम्प्युटर डिप्लोमाचं दुसरं वर्ष. फॅनखाली पडल्या पडल्या त्याने विचारलं, "दादा, पप्पा म्हणले लॅपटॉप पुढच्या कापसावर घेऊ. तोपर्यंत सहा महिने नुसते व्हिडिओच बघत बसू का?"

प्रश्न खरा होता. कोडिंगचे व्हिडिओ बघून कोडिंग येत नाही, जसं पोहण्याचे व्हिडिओ बघून पोहता येत नाही. हात चालवावा लागतो. त्याच्याकडे होतं काय? एक साधा अँड्रॉइड फोन आणि माळ्यावर पडलेला जुन्या डेस्कटॉपचा यूएसबी कीबोर्ड. मी म्हटलं, एवढं पुरे आहे.

त्या दुपारी त्याला जे शिकवलं तेच या लेखात सांगतोय. एडिटरचं नाव आहे व्हिम. जगातल्या बऱ्याचशा सर्व्हरवर तो किंवा त्याचा जुना भाऊ 'व्हीआय' असतोच, त्याला माऊस लागत नाही, आणि तो तुमच्या फोनमध्ये फुकट चालतो.

(एक सूचना आधीच. बटणांची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. 'डी डी' म्हणजे कीबोर्डवरचं इंग्रजी डी दोनदा दाबायचं. अक्षरांमधली मोकळी जागा फक्त वाचण्यासाठी आहे, जिथे खरंच स्पेस द्यायची तिथे 'स्पेस' असं लिहिलंय. सगळी अक्षरं छोटी समजा, कॅपिटल लागेल तिथे सांगेन.)

आधी माझी फजिती ऐका

इंजिनीअरिंग झालं, पुण्यात पहिली नोकरी लागली. दुसऱ्याच महिन्यात रात्री एका सर्व्हरवर एक छोटी सेटिंग बदलायची होती. एकच ओळ. फाइल उघडली तर ती व्हिममध्ये उघडली. मी टाइप करायला गेलो, काहीच उमटेना. अजून बटणं दाबली तर एक आख्खी ओळ गायब झाली. मग कर्सर कुठेतरी उडाला, खाली कसलासा मेसेज आला. बाहेर कसं पडायचं तेही कळेना. शेवटी मी सरळ खिडकीच बंद केली आणि झोपायला गेलो.

सकाळी आमच्या सीनियरने तीच फाइल उघडली तर समोर इशारा : ही फाइल आधीच कोणीतरी उघडून अर्धवट सोडलेली आहे. त्यांना कळायला वेळ लागला नाही. रागावले नाहीत, पण एक चिठ्ठी माझ्या मॉनिटरवर चिकटवली. त्यावर चार गोष्टी लिहिल्या होत्या. त्या चार गोष्टी कॉलेजच्या चार वर्षांत मला कोणी सांगितल्या असत्या तर ती रात्र टळली असती.

आणि हे फक्त माझंच नाही. प्रोग्रामर लोक जिथे अडचणी विचारतात त्या स्टॅक ओव्हरफ्लोवर 'व्हिममधून बाहेर कसं पडायचं' हा एकच प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता. म्हणजे अडकलात तर लाजू नका.

हा असा विचित्र का आहे?

१९७६ च्या सुमारास अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात बिल जॉय नावाचा विद्यार्थी 'व्हीआय' हा एडिटर लिहीत होता. घरून काम करताना त्याच्याकडे ३०० बॉडचा मोडेम होता. म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. ८० अक्षरांच्या २४ ओळींची एक स्क्रीन भरायची तर मिनिटभर वाट बघायची! आपल्याकडे टॉवर गेल्यावर नेट जसं रांगतं, त्याहून कितीतरी हळू. अशा वेळी मेनू, चित्रं, माऊस परवडणारच नाही. म्हणून त्याने प्रत्येक काम एक-दोन अक्षरांत बसवलं.

त्याच्यासमोर जे टर्मिनल होतं, एडीएम-३ए, त्यावर बाणांची वेगळी बटणं नव्हती. बाण छापलेले होते एच, जे, के, एल या चार अक्षरांवरच. व्हिममध्ये आजही कर्सर हलवायला हीच चार बटणं आहेत. एच डावीकडे, जे खाली, के वर, एल उजवीकडे.

पुढे ब्रॅम मूलेनार या डच प्रोग्रामरने त्याच धर्तीवर व्हिम बनवला आणि १९९१ मध्ये लोकांसाठी खुला केला. मूलेनार १९९४ मध्ये युगांडातल्या किबाले इथल्या मुलांच्या केंद्रात वर्षभर स्वयंसेवक म्हणून राहिले होते. व्हिम फुकट, पण जमलं तर तिथल्या मुलांना मदत करा, एवढीच त्यांची विनंती. ऑगस्ट २०२३ मध्ये ते गेले. जानेवारी २०२४ मध्ये आलेली ९.१ ही आवृत्ती त्यांच्या स्मृतीला अर्पण केली आहे. रिकामा व्हिम उघडला की पहिल्या स्क्रीनवर बऱ्याचदा युगांडाच्या मुलांबद्दलची ती ओळ दिसते. माझ्या भावाने ती वाचून विचारलं, "ही जाहिरात आहे का?" म्हटलं, नाही रे, हीच याची किंमत आहे.

फोनवर बसवायचा कसा?

१. 'टर्मक्स' नावाचं अ‍ॅप घ्या. हे फोनमध्ये लिनक्ससारखं टर्मिनल देतं. रूट वगैरे काही करावं लागत नाही. ते 'एफ-ड्रॉइड' या अ‍ॅप स्टोअरवरून घेतलेलं बरं.

२. टर्मक्स उघडा. टाइप करा : पी के जी, स्पेस, अपडेट (इंग्रजी स्पेलिंगमध्ये), आणि एंटर. मध्येच काही विचारलं तर वाय दाबून एंटर.

३. मग : पी के जी, स्पेस, इन्स्टॉल, स्पेस, व्ही आय एम, एंटर. एखादी रील बघण्याइतकाच किरकोळ डेटा लागतो, आणि एकदा बसला की पुढे नेट लागत नाही.

४. झालं. आता 'व्ही आय एम' लिहून एंटर केलं की व्हिम उघडेल.

फोनच्या कीबोर्डवर एस्केप आणि कंट्रोल ही बटणं नसतात. काळजी नको, टर्मक्स कीबोर्डच्या वर स्वतःची पट्टी दाखवतं, त्यात एस्केप, टॅब, कंट्रोल, बाण सगळं असतं. शिवाय आवाज कमी करायचं बटण टर्मक्समध्ये कंट्रोलचं काम करतं, आणि आवाज वाढवायचं बटण दाबून ई दाबलं की एस्केप.

पण खरं सांगू? खरा कीबोर्ड जोडा. मोबाइलच्या दुकानात ओटीजी अडॉप्टर मिळतो, तो लावला की घरातला कुठलाही यूएसबी कीबोर्ड बहुतेक फोनला चालतो. काचेवर दोन अंगठ्यांनी व्हिम चालतो, पण बोटांना सवय लागत नाही. आणि व्हिमची सगळी गंमत बोटांच्या सवयीत आहे.

इथे टायपिंगच्या क्लासला गेलेल्यांचा फायदा आहे. आपल्याकडे तालुक्याच्या गावीसुद्धा टायपिंग इन्स्टिट्यूट असतात आणि नोकरीच्या जाहिरातीत '३० शब्द, ४० शब्द प्रति मिनिट' मागतात म्हणून हजारो मुलं-मुली महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी परीक्षा देतात. त्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी काय शिकवतात? डाव्या हाताची बोटं ए एस डी एफ वर, उजव्या हाताची जे के एल आणि सेमिकोलनवर. व्हिमची चालायची बटणं नेमकी त्याच उजव्या हाताखाली आहेत. ज्या ताईने फक्त सरकारी नोकरीसाठी ४० चा स्पीड काढला, तिची व्हिमची अर्धी तयारी आधीच झालेली आहे. तिला हे कोणी सांगत नाही, एवढंच.

सगळ्यात महत्त्वाचं : मोड

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये किंवा नोट्समध्ये बटण दाबलं की अक्षर उमटतं. व्हिममध्ये तसं नाही, म्हणूनच नवीन माणूस गांगरतो. व्हिम एका वेळी एकाच 'मोड'मध्ये असतो.

ट्रॅक्टरचं उदाहरण घ्या. तेच इंजिन, पण मागे नांगर जोडला तर नांगरणी, पेरणीयंत्र जोडलं तर पेरणी. काय जोडलंय ते न बघता ट्रॅक्टर शेतात घातला तर वाट लागणारच.

• नॉर्मल मोड : व्हिम उघडल्यावर तुम्ही इथे असता. इथे अक्षरं म्हणजे हुकूम. फिरणं, खोडणं, कॉपी करणं इथे.
• इन्सर्ट मोड : इथे लिहायचं. नॉर्मलमध्ये 'आय' दाबलं की इथे येता. खाली डावीकडे 'इन्सर्ट' असं दिसतं.
• व्हिज्युअल मोड : 'व्ही' दाबून मजकूर निवडायचा.
• कमांड मोड : 'कोलन' दाबलं की सगळ्यात खालच्या ओळीत कर्सर जातो. सेव्ह करणं, बाहेर पडणं इथून.

कुठेही असा, कुठेही अडका, 'एस्केप' दाबलं की नॉर्मलमध्ये परत. गोंधळ उडाला तर दोनदा दाबा, काही बिघडत नाही.

त्या रात्री माझं काय चुकलं ते आता लक्षात आलं असेल. मी नॉर्मल मोडमध्ये होतो आणि टाइप करत होतो. मी शब्द लिहीत होतो, व्हिम त्याला हुकूम समजून इमानदारीत पाळत होता.

चिठ्ठीवरच्या चार गोष्टी

सीनियरच्या चिठ्ठीवर हे होतं :

१. लिहायचंय? 'आय'.
२. लिहून झालं? 'एस्केप'.
३. सेव्ह करून बाहेर? 'कोलन डब्ल्यू क्यू', एंटर.
४. घोळ झाला, सेव्ह न करता पळायचंय? 'कोलन क्यू उद्गारचिन्ह', एंटर.

एवढ्यावर तुम्ही कुठल्याही सर्व्हरवर जिवंत बाहेर पडू शकता. मी त्यात पाचवी घालतो : चुकलं तर 'यू'. हे अनडू आहे. आणि अनडूचं अनडू करायचं तर 'कंट्रोल आर'.

आता वाचन थांबवा आणि एकदा करून बघा. उघडा, आय दाबा, स्वतःचं नाव लिहा, एस्केप, यू दाबून नाव उडवा, कंट्रोल आर दाबून परत आणा, मग कोलन क्यू उद्गारचिन्ह. जमलं? मग पुढे चला.

पाठांतर नको, व्याकरण शिका

यूट्यूबवर 'व्हिमच्या १०० कमांड' असे व्हिडिओ दिसतील. ते बघून लोक दुसऱ्या दिवशी सोडून देतात. १०० कमांड पाठ करायच्या नसतातच. व्हिम ही एक छोटी भाषा आहे. तिला क्रियापदं आहेत आणि कर्म आहे.

क्रियापदं तीन धरा :
• डी : खोड
• वाय : कॉपी कर
• सी : बदल (म्हणजे खोड आणि लगेच लिहायला दे)

कर्म, म्हणजे कुठपर्यंत :
• डब्ल्यू : एक शब्द
• डॉलर चिन्ह : ओळीच्या शेवटापर्यंत
• आय पी : आख्खा परिच्छेद
• तेच क्रियापद दोनदा : पूर्ण ओळ

आता जोडा. 'डी डब्ल्यू' म्हणजे खोड, शब्द. 'डी डी' म्हणजे ओळ खोड. 'वाय वाय' म्हणजे ओळ कॉपी कर, आणि 'पी' दाबलं की ती खाली पेस्ट. 'सी डॉलर' म्हणजे इथून ओळीच्या शेवटापर्यंत बदल. पुढे आकडा लावला की तितक्या वेळा : '३ डी डी' म्हणजे तीन ओळी खोड.

मराठीत आपण 'ओळ खोड' म्हणतो, कर्म आधी आणि क्रियापद नंतर. व्हिम उलटं बोलतो, 'खोड ओळ'. घाईतला माणूस बोलतो ना, "उचल ते!", तसं. एकदा हे डोक्यात बसलं की नवीन शब्द शिकला की तो सगळ्या जुन्या शब्दांशी आपोआप जुळतो. उद्या कोणी सांगितलं की 'आय' आणि दुहेरी अवतरणचिन्ह म्हणजे 'अवतरणातला मजकूर', तर तुम्हाला लगेच तीन गोष्टी आल्या : तो खोडणं, तो कॉपी करणं, तो बदलणं. पायथॉनमध्ये एखादा मेसेज बदलायचा असेल तर 'सी आय अवतरण' दाबा, अवतरणचिन्हं जागेवर राहतात, आतलं साफ.

आणि एक जादूचं बटण : पूर्णविराम, म्हणजे इंग्रजी डॉट. शेवटचा बदल जसाच्या तसा पुन्हा करतो.

सरावाला कापसाचा हिशेब

भावाला मी म्हटलं, 'हॅलो वर्ल्ड' नको, घरचं काम कर. कापूस वेचणीचे पैसे किलोवर असतात. संध्याकाळी वजन होतं आणि मावशी ते वहीत लिहिते. आपण तेच फाइलमध्ये करू.

टर्मक्समध्ये व्ही आय एम, स्पेस आणि फाइलचं नाव (इंग्रजीत 'कापूस डॉट टीएक्सटी') लिहून एंटर. आय दाबून नावं इंग्रजी अक्षरांत लिहिली :

काकू ४२
मामी ३८
आत्या ४५

एस्केप. आता काम सुरू.

• मामींचे ३८ नाही, ३६ भरले. कर्सर ३८ च्या पहिल्या आकड्यावर नेऊन 'सी डब्ल्यू', ३६ लिहा, एस्केप.
• काकूंनी संध्याकाळी अजून ५ किलो आणलं. कर्सर त्यांच्या ओळीवर ठेवा आणि '५ कंट्रोल ए'. ४२ चे थेट ४७ झाले! व्हिम त्या ओळीतला पुढचा आकडा शोधून त्यात मिळवतो. हे बघून भाऊ उठूनच बसला. कमी करायचे असतील तर 'कंट्रोल एक्स'.
• अजून एक बाई आल्या. आत्याच्या ओळीवर 'ओ' दाबा, खाली नवीन ओळ उघडते आणि लगेच लिहिता येतं.
• यादी मोठी झाली आणि मामी सापडत नाहीत. 'स्लॅश' दाबून नाव लिहा, एंटर. पुढचा सापडायला 'एन'.
• फाइलच्या एकदम वर 'जी जी', एकदम खाली कॅपिटल 'जी'.
• नावांप्रमाणे क्रम लावायचा? 'कोलन', मग इंग्रजीत 'सॉर्ट', एंटर.

एवढ्या सरावात रोजच्या कामातला मोठा भाग येऊन जातो. पुढे टर्मक्समध्येच पायथॉन बसवता येतं, व्हिमच्याच पद्धतीने, पी के जी इन्स्टॉल करून. मग हीच फाइल वाचून एकूण किलो आणि पैसे काढणारा दहा ओळींचा प्रोग्राम व्हिममध्येच लिहायचा. तो त्याचा पहिला प्रोग्राम ठरला, आणि तो घरात रोज वापरला गेला.

लाईट गेली, फोन बंद पडला, मग?

आपल्याकडे हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. व्हिम तुम्ही लिहीत असताना गुपचूप शेजारी एक लपलेली 'स्वॅप' फाइल ठेवतो. दर २०० अक्षरांनंतर, किंवा तुम्ही चार सेकंद हात थांबवलात की तुमचे बदल त्यात जातात. तुम्ही सेव्ह केलेलं नसलं तरी.

डेस्कटॉपवर असाल आणि लाईट गेली, किंवा फोनची बॅटरी संपली, किंवा मेमरी कमी पडली म्हणून अँड्रॉइडने टर्मक्सच बंद करून टाकलं (कमी रॅमच्या फोनवर हे होतं), तर पुन्हा तीच फाइल उघडा. एक मोठा इशारा येईल, घाबरू नका. त्यात पर्याय असतात. 'आर' दाबा, म्हणजे रिकव्हर. वाचलेला मजकूर परत येतो. तो नीट तपासा, 'कोलन डब्ल्यू' करून सेव्ह करा. नंतर फाइल पुन्हा उघडताना तोच इशारा येईल, तेव्हा 'डी' दाबून जुनी स्वॅप फाइल काढून टाका. हा क्रम उलटा करू नका. आधी 'डी' दाबलंत तर वाचलेलं गेलं.

माझ्या सीनियरने त्या सकाळी जो इशारा पाहिला तो हाच होता. मला तेव्हा तो माझ्या चुकीचा पुरावा वाटला होता. खरं तर व्हिम माझं काम सांभाळून बसला होता.

इथे लोक हमखास अडकतात

• मराठी कीबोर्ड चालू राहिला : हे फक्त आपल्यासारख्यांचं दुखणं, इंग्रजी व्हिडिओत कोणी सांगत नाही. फोनचा कीबोर्ड मराठीवर असेल तर 'डी' च्या जागी व्हिमला 'द' मिळतो, आणि 'द' नावाचा हुकूम त्याला माहीत नाही. काहीच होत नाही, वाटतं व्हिम हँग झाला. नॉर्मल मोडमध्ये कीबोर्ड इंग्रजीच हवा. मराठी लिहायचं तर इन्सर्टमध्ये जाऊन बदला आणि एस्केप दाबण्याआधी इंग्रजीवर या.
• मराठी मजकूर विस्कटलेला दिसतो : टर्मिनलमध्ये जोडाक्षरं आणि वेलांट्या बऱ्याचदा सुट्या-सुट्या दिसतात. दोष दाखवण्यात आहे, फाइल शाबूत असते. दुसऱ्या अ‍ॅपमध्ये उघडून बघा.
• कॅप्स लॉक : छोटा जे खाली नेतो, कॅपिटल जे दोन ओळी एकत्र जोडतो. विचित्र काही व्हायला लागलं की आधी कॅप्स लॉक बघा, मग 'यू' दाबून मागे या.
• सवयीने 'कंट्रोल एस' दाबलं आणि स्क्रीन गोठली : टर्मिनलमध्ये त्याचा अर्थ 'थांब' असा असू शकतो. 'कंट्रोल क्यू' दाबा, सुटेल.
• 'कंट्रोल झेड' दाबलं आणि व्हिम गायब : तो मागे झोपलाय. 'एफ जी' लिहून एंटर करा, परत येईल.

प्रामाणिकपणे सांगायचं तर

व्हिमशिवाय कोडिंग शिकता येत नाही असं अजिबात नाही. 'नॅनो' नावाचा एडिटर यापेक्षा सोपा आहे, हुकूम खालीच लिहिलेले असतात. नोकरीत बरेच जण व्हीएस कोड वापरतात, मीही वापरतो, त्यात व्हिमची बटणं चालू करून. आणि फोन म्हणजे लॅपटॉप नव्हे. अँड्रॉइड अ‍ॅप बनवणं, मोठे प्रोजेक्ट, तासन्‌तास छोट्या स्क्रीनकडे बघणं, हे फोनवर जमत नाही, डोळेही दुखतात.

पण सी, पायथॉन, लिनक्सच्या कमांड, गिट, आणि एडिटर हातात बसणं, हा पाया फोनवर घालता येतो. आणि पाया घालायला लॅपटॉपची वाट बघत सहा महिने गेले तर ते सहा महिने परत मिळत नाहीत.

आठवडाभराचं टाइमटेबल

• दिवस १ : टर्मक्सच्या ओळीवर इंग्रजीत 'व्हिमट्यूटर' असं सलग लिहून एंटर करा. व्हिमसोबतच येणारा धडा उघडतो, साधारण अर्ध्या तासाचा. इंग्रजी साधं आहे. वाचू नका, करत जा.
• दिवस २ : फक्त एच जे के एल. बाणांना हात लावायचा नाही. चिडचिड होईल, होऊ द्या.
• दिवस ३ : डी, वाय, सी आणि डब्ल्यू.
• दिवस ४ : घरचा कुठलाही हिशेब फाइलमध्ये. दूध, किराणा, काहीही.
• दिवस ५ : व्हिमट्यूटर पुन्हा. या वेळी निम्म्या वेळात होईल.
• दिवस ६ : मुद्दाम अपघात करा. अर्धवट लिहून टर्मक्स बंद करा आणि 'आर' ने मजकूर वाचवा. खरी वेळ येण्याआधी एकदा सराव हवा.
• दिवस ७ : एक छोटा प्रोग्राम, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत व्हिममध्ये.

पहिले तीन-चार दिवस तुमचा स्पीड कमी होईल. सायकल शिकताना चालण्यापेक्षा हळूच जातो आपण. तिथे सोडू नका.

आणि भावाचं काय झालं?

दिवाळीनंतर त्याचा फोन आला. कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्सवर प्रॅक्टिकल होतं, फाइल व्हीआयमध्ये उघडली आणि आख्खी बॅच बटणं बडवत बसली. हा उठला आणि एकेकाच्या मशीनवर जाऊन सांगत सुटला : आधी एस्केप दाब, मग कोलन. सरांनी विचारलं, घरी कुठला लॅपटॉप आहे रे? तो म्हणाला, "नाही सर, मोबाइल आहे."

लॅपटॉप अजून आलेला नाही. पहिल्या कापसाचे पैसे बियाण्याच्या आणि खताच्या उधारीत गेले, आता तुरीवर बघू म्हणतात. कापसाची फाइल मात्र चालू आहे. मावशीने वही बंद केलेली नाही, पण रात्री वहीतला आकडा आणि फोनमधला आकडा जुळवून बघते. एकदा जुळला नाही, तेव्हा चूक वहीत निघाली.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण हसत हसत म्हणतो. जर्मनीतला इंजिनीअर सर्व्हरवर जी बटणं दाबतो तीच बटणं आमच्या गावातला पोरगा माळ्यावरच्या कीबोर्डवर दाबतोय. तुमच्याही घरात तसा एखादा कीबोर्ड पडला असेल. धूळ झटका, अडॉप्टर आणा, आणि आज रात्री झोपण्याआधी निदान बाहेर पडायला तरी शिका : एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर.